पासली ते गुवाहाटी, विनाथांबा

११ जानेवारी, रविवार

ही वही सारिकाने आणून दिली. म्हणाली, "आई, आम्ही वैमानिक प्रत्येक उड्डाण लिहून ठेवतो. तू पण तुझं लिहीत जा." मी म्हटलं, बावीस वर्षं भोर डेपोत कंडक्टर आहे, रोज मार्गपत्रक भरते, आणखी काय लिहू? तर म्हणते, "मार्गपत्रकात बसत नाही ते लिही." तसलं माझ्याकडे पुष्कळ आहे. त्यातलं निम्मं डेपोतल्या लोकांबद्दल आहे, म्हणून वही कपाटात कुलपात राहील.

आता मुख्य बातमी. आमची लेक चोवीस फेब्रुवारीला बारामतीहून गुवाहाटीला विमान घेऊन जाणार आहे. एकटी. मध्ये कुठेही न उतरता. बारामतीला ती पोरापोरींना विमान शिकवते, त्यामुळे तिचं उडणं आम्हाला नवीन नाही. पण हे विमान मी पाहिलंय. पंख लावलेली रिक्षा आहे ती. आत दोन माणसांची जागा, त्यातली एक जास्तीच्या टाकीने अडवली. इतक्या हलक्या विमानाने आपल्याकडे एकट्या माणसाने एका दमात एवढं अंतर कापल्याची नोंद नाही म्हणे. सारिकाला ती नोंद करायची आहे. गेली दोन वर्षं ती याच्याच मागे आहे, हे आम्हाला आज कळलं.

दोन हजार चाळीस किलोमीटर. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, म्हणून मी लगेच सहाने भागलं. तीनशे चाळीस टप्पे. आमच्या भोर–पासली गाडीला अकरा होतात, तर माणसं दमून उतरतात.

सारिकाचे बाबा, म्हणजे आमचे संजय, जेवता जेवता एवढंच बोलले, "एकटी म्हंजी कंडक्टर बी न्हाई?"

"नाही, बाबा."

"मग हिला लई जड जाईल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात भात वाढला आणि विषय मिटवला. मला काही जड जात नाही. फक्त आज भाजीत मीठ दोनदा पडलं.

१८ जानेवारी, रविवार

सारिका घरी आली ती इलेक्ट्रॉनिक काटा घेऊनच. बरोबर न्यायच्या सगळ्या वस्तू तिने ओसरीवर मांडल्या आणि एकेक वजन करून कागदावर लिहिलं. पाण्याची बाटली, नकाशे, औषधांची पेटी. पेनसुद्धा. पेनाचं टोपण काढून ठेवलं तेव्हा मी हसले, तर म्हणाली, "हसू नको. वजन वाढलं की इंधन जास्त लागतं."

मग तिने सगळं समजावून सांगितलं. टाकीत ठराविक इंधन, त्यातलं शेवटचं राखीव. राखीवला हात लावायचा नाही. तशी वेळ येतेय असं दिसलं तर अलीकडच्या विमानतळावर उतरायचं, मग नोंद नाही आणि काही नाही. शिवाय सूर्य मावळायच्या आत पोचायचं, आणि तिकडे तो आपल्या तासभर आधी मावळतो. म्हणजे वेळेला जागा नाही आणि वजनालाही नाही.

मला हे सगळं फार पटलं. आमच्या गाडीत लोक सीटखाली पोती सरकवतात आणि वर साळसूद चेहरा करून बसतात. गेल्या वर्षी एकाने शिलाई मशीनला शाल गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, म्हणे आजारी आई आहे. माझ्या गाडीत लगेज लपवून कोणी गेलेलं नाही. सारिकाला म्हटलं, "एक ग्रॅम जास्त घेऊ नकोस. कोणी कितीही गळ घालो." ती म्हणाली, "लिहून ठेव वहीत." म्हणून लिहिलं.

२७ जानेवारी, मंगळवार

अडचण झाली आहे.

पासलीला गाडी लागली तेव्हा सगुणाबाई नेहमीसारख्या थांब्यावर उभ्या होत्या. सत्तरीच्या आहेत, पण आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला उठतो. त्यांचा धाकटा मुलगा सोनबा फौजेत आहे. तो पुण्यात शिकत होता तेव्हा त्यांचा डबा मीच न्यायचे. म्हणजे हे काही विशेष नाही, या रस्त्यावरचे सगळेच डबे आम्ही नेतो. सकाळी आया डबे आणून इंजिनाशेजारी ठेवतात, पुण्याला गाडी बदलून ते पोरांच्या हातात पडतात. सारिका शिकायला होती तेव्हा तिचा डबा असाच चार-चार कंडक्टरांच्या हातून गेला. एकदाही चुकला नाही. बावीस वर्षांत डबा नको असं मी कोणाला म्हटलेलं नाही. आमच्यात ते म्हणतच नाहीत.

सगुणाबाई म्हणाल्या, "माधुरे, तुजी पोर गुवाहाटीला चाललीया म्हनं."

"व्हय."

"आमचा सोनबा तितंच हाय. छावनीत. दोन वरीस झालं गावाकडचं तोंडात न्हाई त्याच्या. नाचनीचं लाडू आन् कारळ्याची चटनी. येवढुसा डबा. जाईल की न्हाई?"

मी म्हटलं, "जाईल की." तोंडातून गेलंच ते. म्हणजे डबा म्हटला की हात पुढे होतो, तसं तोंड पुढे झालं.

गाडी निघाल्यावर आमचे ड्रायव्हर सर्जेरावभाऊ आरशातून बघत होते. "बाई, तुमी काय बोललात ते कळलं का तुमाला?" मी म्हटलं, "तुमी पुढं बघा."

३० जानेवारी

सारिकाला फोनवर विचारलं, अगदी सहज, की समजा एखादा छोटा डबा असला तर. ती म्हणाली, "नाही."

"ऐकून तरी घे."

"आई, तूच लिहून ठेवलंयस ना वहीत?"

वही द्यायलाच नको होती तिने.

८ फेब्रुवारी, रविवार

सारिकाच्या बाबांनी भाताच्या खाचरात बांबू रोवला आणि त्याच्या टोकाला माझ्या जुन्या खाकी शर्टाची बाही बांधली. सारिकाच्या विमानतळावर तसलं काहीतरी असतं, त्यात वारा भरला की दिशा कळते. तिला मागून वारा हवा, म्हणजे पश्चिमेचा. आता हे सकाळ-संध्याकाळ बांधावर बसून बाही बघतात आणि तिला फोन करून कळवतात. आमच्या उत्रोलीच्या वाऱ्यावर आसामपर्यंतचं गणित कसं बांधणार, असं मी विचारलं. म्हणाले, "सुरुवात तर हितनंच हाय."

बाहीवर माझा बिल्ला लावायची जागा अजून दिसते. येणारे-जाणारे विचारतात, तेव्हा हे मला हाक मारून म्हणतात, "तुझी ड्युटी शेतात बी लागली बघ." आज खूप दिवसांनी आम्ही दोघं बांधावर बसून चहा प्यालो.

सगुणाबाईंना नाही म्हणायचं ठरवलं आहे. उद्या सांगेन.

९ फेब्रुवारी

त्या आज थांब्यावर नव्हत्या.

१२ फेब्रुवारी

होत्या. पण नाचणी दळून आणत होत्या, त्यामुळे सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

डबा आला. स्टीलचा, झाकणावर "सोनबा" कोरलेलं, वरून चौकडीचं फडकं बांधलेलं. पुण्याच्या वेळचाच तो. माझ्या हाताला त्याचा कान ओळखीचा निघाला.

सगुणाबाई म्हणाल्या, "त्याला सांगिटलंय म्या. लई हासला. म्हनला आये, आता कंडक्टरीनबाईची येश्टी हिकडं बी यायला लागली व्हय."

परतताना नसरापूरला गाडी दहा मिनिटं थांबते. वाण्याच्या काट्यावर डबा ठेवला. नऊशे ग्रॅम. बरोबर नऊशे, ना कमी ना जास्त. मी विचार केला, नऊशे ग्रॅम म्हणजे काय, कोथिंबिरीच्या चार जुड्या. त्याने विमानाला काय होणार. सर्जेरावभाऊ म्हणाले, "एवढंच हाय तर पोरीला सांगा की सरळ." मी म्हटलं, उतरल्यावर सांगेन. पोचलेल्या लगेजवर कोणी भांडत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार. बारामती

उद्या पहाटे. आम्ही दोघं दुपारीच आलो. विमान पांढरं, धुऊन पुसून ठेवलेलं. त्याची देखभाल करणारा कुमार नावाचा मुलगा आहे, तिशीचा असेल, मला काकू म्हणतो आणि विमानाशी हळू आवाजात बोलतो.

संध्याकाळी सारिका म्हणाली, "आई, आत बसून बघ ना." मी बसले. बसले म्हणजे काय, जेमतेम कंबर मावते एवढंच. सारिका बाबांना पंख दाखवायला पलीकडे घेऊन गेली. सीटच्या मागे औषधांची पेटी होती, तिच्यामागे डबा बरोबर बसला. फडक्याचं टोक आत खोचलं. शिलाई मशीनला शाल गुंडाळणाऱ्या माणसाची मला आठवण झाली आणि फार राग आला, त्याचा.

सारिका परत आली. "काही राहिलं नाही ना आई? काही सांगायचं?"

"न्हाई," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

जेवताना तीच एकदम म्हणाली, "सगुणाआजीचा सोनबा कुठल्या छावणीत आहे गं? नंबर असला तर दे. तिकडे ओळखीचं कोणी असलेलं बरं." मी लगेच नंबर दिला. बघा, काम किती सोपं झालं. आता उतरल्यावर फक्त डबा कुठे आहे तेवढं सांगायचं. जेवणानंतर ती आणि कुमार काटा घेऊन पुन्हा विमानाकडे गेले. किती ती काळजी. पोरगी माझ्यावर गेली आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सगळं लिहायचं आहे, हात दुखला तरी.

सकाळी साडेपाचला आम्ही धावपट्टीवर होतो. थंडी होती. सारिकाने आमच्या पाया पडल्यावर हे तिला "जय भीम, बेटा" एवढंच म्हणाले आणि बाजूला जाऊन उगाच वारा बघू लागले. मी मनात त्रिशरण म्हटलं.

आत बसायच्या आधी तिने पायातले बूट काढून माझ्या हातात दिले. पायमोज्यांवरच चढली. मी म्हटलं, "अगं, वर गारठशील." तर म्हणाली, "पायाला नीट कळतं असं." मग केसांतला चिमटा काढून तोही दिला, टोचतो म्हणाली, आणि रबराने केस बांधले. एवढी मोठी नोंद करायला निघालेली पोरगी आणि बूट आईच्या हातात. मी पिशवीत कोंबले. चिमटा हरवेल म्हणून माझ्याच केसांना लावला.

सहा छत्तीसला ती गेली. विमान पळालं आणि जमीन सुटली तेव्हा माझा उजवा हात आपोआप वर गेला, घंटीची दोरी ओढायला. दोन टोले, चल. दोरी कुठे होती. ह्यांनी ते पाहिलं आणि माझा हात धरून खाली आणला आणि सोडला नाही. ठिपका दिसेनासा झाला तरी आम्ही तसेच उभे होतो. मला इतका आनंद झाला होता की भूक लागली. आम्ही दोघांनी तिथेच तीन-तीन इडल्या खाल्ल्या.

रजा मी टाकली होती, पण घरी बसून भिंती बघवणार नाहीत म्हणून डेपोत फोन करून रद्द केली. दुपारी सव्वादोनची भोर–पासली माझीच. सारिकाचं विमान मोबाईलवर दिसतं, नकाशावर हिरवा ठिपका. सव्वाबाराला भोरला पोचलो तेव्हा ठिपका रायपूर ओलांडून बराच पुढे गेला होता.

मी कुमारला फोन केला, उगाच, आवाज ऐकायला. तो म्हणाला, "छान चाललंय काकू. फक्त मागचा वारा जरा पडलाय. थोडं काठावर येईल."

"काठावर म्हंजी?"

"म्हणजे पाच-दहा मिनिटांचा खेळ. इंधनाचा आणि उजेडाचा पण."

मी विचारलं, अगदी सहज, "कुमार, समजा एक किलो वजन जास्त असलं, तर?"

"किलोला साधारण पाच मिनिटांचं इंधन धरा."

मी स्टँडवरच्या बाकावर बसले. कोथिंबिरीच्या जुड्या म्हणे. मी विचारलं, "तुमी सगळं मोजलं होतं ना रे?"

"काकू, वजन ग्रॅमला बरोबर आहे," तो म्हणाला. "काल रात्री आम्ही दोघांनी पुन्हा मोजलंय. तुम्ही अजिबात काळजी करू नका." बिचारा. त्याला काय माहीत.

गाडीत बातमी आधीच पोचली होती. नसरापूरला चढलेला प्रत्येक जण तिकिटाआधी ठिपका विचारत होता. मी तिकिटांत चुकले, दोघांना वेल्ह्याऐवजी वेल्ह्याच्या पुढचं दिलं. मार्गासनीला सर्जेरावभाऊंनी गाडी बाजूला लावली, मागे वळून म्हणाले, "बाई, काय झालंय ते सांगा. न्हाईतर मला गाडी चालवाया याची न्हाई."

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर. डबा, औषधांची पेटी, नऊशे ग्रॅम, पाच मिनिटं. माझ्या तोंडाने सांगितलं की मी लगेज लपवलं.

तोरण्याच्या बाजूने ऊन आत येत होतं. मग मागून एक जण म्हणाला, "बाई, मागल्या पावसाळ्यात माझ्या कोंबड्याला लगेजचं तिकीट लावलं व्हतं तुमी."

"व्हय," मी म्हटलं.

"पिशवीत व्हता त्यो. नुसती मान बाहीर व्हती."

"व्हय."

"बरं. आठवलं म्हून बोललो."

तेवढ्यावर सगळी गाडी हसायला लागली. सर्जेरावभाऊ स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं एक बाई म्हणाली, तीही माझ्या तोंडावर. मला रडू येत होतं आणि हसूही, दोन्ही एकदम येतं तसं. मग त्या कोंबडेवाल्यानेच पुढे येऊन पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "पोचंल ती. तुमची पोर हाय."

वेल्ह्याच्या पुढे रेंज जाते. ठिपका शेवटचा दिसला तेव्हा बंगालच्या वर टोकाला होता, आणि पावणेपाचला आम्ही पासलीत. सगुणाबाई थांब्यावर.

"पोचला का डबा?"

मी म्हटलं, "अजून न्हाई. वाऱ्यानं उशीर होतोय." आणि उगाच सुटे पैसे मोजू लागले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग पदर खोचून गाडीत चढल्या. म्हणाल्या, "हितं रेंज न्हाई. वळनावर येतीया. तितवर येती म्या, परत चालत जाईन." ते बघून पासलीला उतरलेला कोंबडेवाला आणि बाकीचेही परत गाडीत चढले.

पासलीच्या अलीकडे एक वळण आहे, तिथेच तेवढी रेंज मिळते. सगळे त्याला रेंजचं वळण म्हणतात. तिथे थांबा नाही. बावीस वर्षांत थांबा नसलेल्या जागी मी कधी गाडी थांबवली नाही, कोणी पाया पडलं तरी. आज वळण आलं आणि मी दोरी ओढली. एक टोला. सर्जेरावभाऊंनी गाडी अशी अलगद उभी केली की जणू वेळापत्रकातच होतं.

पाच वाजून बावीस मिनिटं. सगळे खाली उतरले. आमच्याकडे सूर्य डोंगराच्या दोन हात वर होता. तिकडे तो टेकला असणार. मोबाईल मी हात उंच करून धरला, तर बाकीच्यांनीही आपापले धरले. ठिपका गोल फिरत होता, मध्येच जागच्या जागी थांबत होता. सगुणाबाई माझ्या कमरेला हात घालून उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, "सगुणाबाई, डब्यामुळं पोरीला कमी पडलं तर?" त्या म्हणाल्या, "गप. लाडू हायती त्यात, दगूड न्हाईत."

पाच एकतीसला फोन वाजला. कुमार.

"काकू, टेकली. पाच सव्वीसला. राखीवला हात नाही लागला. वर पाच मिनिटांचं उरलं."

मी तेच जसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. मग सर्जेरावभाऊ गाडीत चढले आणि त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. खालच्या वाडीतली माणसं बाहेर येऊन वर बघायला लागली. कोंबडेवाला नाचला. सगुणाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आनंद झाला, आनंद झाला, असं मी किती वेळ म्हणत होते, मलाच आठवत नाही. ह्यांना फोन लावला तर हे शेतात होते. सगळं ऐकून म्हणाले, "हितं बाही पूर्वेकडंच उभी हाय अजून," आणि फोन ठेवला.

गाडी अठरा मिनिटं उशिरा. मार्गपत्रकावर कारण लिहिलं: विमान.

मार्गासनीला आलो तेव्हा सारिकाचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज. "आई, पासलीचं पार्सल मिळालं. सोनबादादा इथेच उभा आहे, उघडून खातोय पण."

"तुला… तुला कसं कळलं?"

"तू ठेवलं तेव्हा सुटं ठेवलं होतंस. सुटं लगेज विमानात चालत नाही. मी पट्ट्याने बांधलं." मग रेंज गेली.

२५ फेब्रुवारी

डेपोत पेढे. मार्गपत्रकाबद्दल साहेबांनी बोलावलं होतं. "विमान हे कारण बसत नाही," म्हणाले. मी म्हटलं, मग काय बसतं ते तुम्हीच लिहा. त्यांनी बराच विचार करून "वाहतूक" लिहिलं.

सारिकाचा फोटो आला आहे. धावपट्टीवर उभी, एका बाजूला सोनबा, मध्ये डबा, आणि पायात नुसते मोजे. आसामातल्या माणसांना वाटलं असेल, हिच्या आईने हिला बूटसुद्धा घेतले नाहीत.

६ मार्च, शुक्रवार

सारिका घरी आली. विमान थांबत थांबत बारामतीला आणलं, मग एसटीने भोरला उतरली, तिकडे घेतलेल्या चपला घालून. उत्रोलीच्या फाट्यावर अर्धा गाव. ह्यांनी बांबूवरची बाही काढून तिच्या गळ्यात घातली, हारासारखी. सगळे हसले, पण ती रात्रीपर्यंत काढेना.

मी तिची माफी मागितली. सोपं नव्हतं, पण मागितली. म्हटलं, "नऊशे ग्रॅम जास्त होतं. पाच मिनिटंच उरली तुझी. काही झालं असतं तर?"

ती म्हणाली, "जास्त नव्हतं, आई," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. दमली असेल. मी तिला उठवलं नाही.

७ मार्च, शनिवार

आज सोनबाचा डबा पासलीला परत पोचवला. रिकामा डबा परत पाठवू नये हे त्यालाही कळतं, त्याने तिकडचा वासाचा तांदूळ भरून दिला होता. सगुणाबाईंनी झाकण काढून नाकाशी धरलं. "आपल्या आंबेमोहरासारका न्हाई," म्हणाल्या. मग परत धरलं. "पर बरा हाय. बरा हाय." आणि झाकण छातीशी धरून उभ्या राहिल्या.

परतताना नसरापूरला दहा मिनिटं. सारिकाच्या बुटाचा तळ एका बाजूने उकलला होता, तो शिवून घ्यायला मी बूट पिशवीत आणले होते. शिवणाऱ्याकडे गर्दी, म्हणून शेजारी वाण्याच्या दुकानात टेकले. काटा समोरच होता. कशाला ठेवले कोण जाणे. सवय.

आठशे नव्वद.

मी पुन्हा ठेवले. आठशे नव्वद. सारिका पायमोज्यांवर चढतेय, मी तिला गारठशील म्हणतेय, असं सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि कुमारचा आवाज, ग्रॅमला बरोबर आहे काकू.

माझा हात केसांकडे गेला. तो चिमटा त्या पहाटेपासून माझ्याच केसांत आहे, परत द्यायचा राहिला. काढला. सगळे केस खाकी शर्टावर सुटले, भर दुकानात, ड्युटीवर. चिमटा मी बुटावर ठेवला.

नऊशे.

बाहेर सर्जेरावभाऊंनी हॉर्न दिला. वाणी माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "बाई, काय द्यायचं?"

मी म्हटलं, "काही न्हाई. वजन बरोबर हाय."